घराचें कर्ज व सुगीचा पैसा

पिढ्यान्‌पिढ्या आम्हां शेतकऱ्यांस कर्ज म्हटलें कीं पीककर्ज, विहिरीचें कर्ज, बैलजोडीचें किंवा अलीकडे ट्रॅक्टरचें कर्ज, एवढेच प्रकार ठाऊक होते. घर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें सवडीनें उभें राहत असे. एका वर्षीं पाया, दुसऱ्या वर्षीं भिंती, आणि कांद्याला भाव लागला कीं वर पत्रे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा क्रम पालटला आहे. मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं बांधलेलें घर, नाहींतर पुण्या-नाशकास नोकरीला लागलेल्या मुलाचा फ्लॅट, आणि त्यावर वीस वर्षांचें बँकेचें कर्ज, हा प्रकार आतां बागाईत गांवांतून घरोघर दिसूं लागला आहे. गहाण हा शब्द तेवढा कोणी उच्चारीत नाहीं. कागदावर मात्र तोच आहे.

सुगीचा पैसा हातांत आला असतां तो मागितल्याशिवाय बँकेंत नेऊन भरावा काय, हा प्रश्न सभासदांच्या बैठकींत वारंवार निघतो आणि तेथें सरळ दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, बँक महिन्याचा हप्ता मागते, तो वेळेवर दिला म्हणजे आपलें काम संपलें. न मागतां सावकाराच्या दारीं पैसे नेऊन टाकणारा शेतकरी आजवर कोणी पाहिला आहे काय? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं कर्ज म्हणजे जनावराच्या अंगावरचा गोचीड. जितका लवकर उपटाल तितकें बरें. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें, पण सरसकट नव्हे. एके काळीं आम्हींही सरसकट झुकून पाहिलें आणि त्याचा चटका सोसला. तो प्रकार पुढें सांगूं.

प्रथम हिशेब. समजा, एका गृहस्थानें २० लक्ष रुपये, दरसाल दर शेंकडा ९ व्याजानें, २० वर्षांच्या मुदतीनें घेतले. त्याचा महिन्याचा हप्ता सुमारें १७,९९५ रुपये येतो. पहिल्या महिन्यांत या हप्त्यापैकीं १५,००० रुपये नुसत्या व्याजांत जातात. मुदलांतून कमी होतात ते २,९९५. पहिल्या वर्षभरांत त्यानें बँकेंत सुमारें २ लक्ष १६ हजार रुपये भरलेले असतात आणि मुद्दल उतरलेलें असतें साडेसदतीस हजारांच्या आसपास. पांच वर्षांत १० लक्ष ८० हजार भरून झाले, तरी बाकी १७ लक्ष ७४ हजार. दहा वर्षें झालीं, मुदत निम्मी सरली, आणि बाकी पाहावी तर १४ लक्ष २० हजार ! मुद्दल निम्म्यावर येण्यास चवदा वर्षें लागतात. वीस वर्षांअखेर एकूण भरणा ४३ लक्ष १९ हजारांच्या घरांत जातो, म्हणजे २० लक्ष मुदलावर २३ लक्ष १९ हजार व्याज.

यांत बँकेची लबाडी आहे असें कोणी समजूं नये. व्याज दर महिन्यास उरलेल्या मुदलावर आकारलें जातें. आरंभीं मुद्दल मोठें म्हणून व्याज मोठें, आणि हप्ता सारखा ठेवावयाचा म्हणून मुदलाला वाटा लहान. पण याच रीतींत कर्जदाराच्या हिताची किल्लीही आहे. हप्त्यापलीकडे दिलेला प्रत्येक रुपया व्याजाला न जातां सबंधचा सबंध मुदलाला लागतो, आणि त्या रुपयावरचें पुढील सर्व वर्षांचें व्याज त्या दिवसापासून बंद होतें.

वरच्याच गृहस्थानें हप्ता पुरा २०,००० रुपये भरण्याचें ठरविलें, म्हणजे महिन्यास दोन हजार अधिक, तर कर्ज साडेपंधरा वर्षांत फिटतें आणि व्याजाचे ६ लक्ष रुपये वांचतात. अर्थात् आपल्यापैकीं पुष्कळांस महिन्याचे दोन हजार वाढविणें जड जाईल. आपला पैसा महिन्याच्या पगारासारखा येत नाहीं. पण वर्षाकांठीं सुगीवर पन्नास हजार काढून देणें ज्यास शक्य आहे त्याचा हिशेब पाहा. नेहमींचा हप्ता चालू ठेवून त्यानें दरसाल अखेरीस ५० हजार याप्रमाणें बारा वर्षें जादा भरणा केला, तर तेरावें वर्ष संपण्याच्या सुमारास कर्ज शून्य होतें. जादा दिले ६ लक्ष; व्याज वांचलें सुमारें ९ लक्ष २० हजार; आणि सात वर्षांचे हप्ते टळले.

आणखी एक गोष्ट, जी बँकेंतील माणूस आपण होऊन सांगत नाहीं. जादा भरणा कधीं केला याला फार महत्त्व आहे. या कर्जांत पहिल्या वर्षाअखेर एकदांच एक लक्ष रुपये भरले, तर मुदत सत्तावीस महिन्यांनीं कमी होते आणि जवळजवळ ४ लक्ष रुपये व्याज वांचतें. तेच एक लक्ष पंधराव्या वर्षाअखेर भरले तर मुदत आठ महिन्यांनीं कमी होते आणि वांचतात ते सुमारें ५२ हजार. पुष्कळ लोक आधीं घराची हौस भागवितात आणि उतारवयांत, मुलें कमावतीं झाल्यावर, "आतां कर्ज फेडून टाकूं" म्हणतात. तोंवर बँकेनें आपलें बहुतेक व्याज घेऊन झालेलें असतें.

व्याज मुदलाहून अधिक, हें वाचून जुन्या माणसांस दामदुपटीचें स्मरण होईल. एका वेळीं वसूल करावयाचें थकलेलें व्याज मुदलाहून अधिक असूं नये, असा तो हिंदु धर्मशास्त्राचा नियम. पण हेंही ध्यानांत ठेवावें कीं वर्षानुवर्षें चुकतें केलेलें व्याज त्या नियमांत कधींच मोजलें जात नसे. वीस वर्षें नेमानें हप्ता देणाऱ्यास दामदुपटीचें कवच तेव्हांही नव्हतें आणि आतांही नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला, आणि त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या शेतकऱ्यांस खतांत काय लिहिलें आहे तें वाचतां येत नव्हतें. आपणांस वाचतां येतें. तरीही आपल्यांतले किती जण मंजुरीपत्र सही करण्यापूर्वीं शेवटपर्यंत वाचतात ? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतों, कारण आमचें उत्तर लाजेचें आहे.

तेंच सांगतों. आमचें घर १४ लक्षांच्या कर्जावर, २०१३ सालीं, तालुक्याच्या गांवीं झालें. व्याज त्या वेळीं शेंकडा दहाच्या वर होतें. दुसऱ्या वर्षीं उन्हाळ कांद्याचे पैसे आले तेव्हां ७० हजार रुपये मोठ्या ऐटीनें बँकेंत नेऊन भरले. पुढें पांच महिने खात्यांतून हप्ता कापला गेला नाहीं. आम्ही मनांत म्हटलें, बँकेनें सद्‍वर्तनाबद्दल सवलत दिलेली दिसते ! वर्षअखेरीस खात्याचा उतारा आला तेव्हां धाकट्या मुलीनें तो वाचून विचारलें, "बाबा, मुद्दल तर एक रुपयाही जास्त उतरलेलं नाही, ते सत्तर हजार गेले कुठें ?" चौकशीअंतीं कळलें कीं ती रक्कम आगाऊ हप्ते म्हणून जमा धरली होती. दोष बँकेचा कीं आमचा, हा वाद आम्हीं सोडून दिला. भरणापत्रावर "मुदलांत जमा करावे" हे तीन शब्द आम्हीं लिहिले नव्हते एवढें खरें. तेव्हांपासून आमचा परिपाठ असा : जादा भरण्यासोबत एक अर्ज द्यावयाचा, त्यांत रक्कम मुदलांत जमा करावी आणि हप्ता न घटवितां मुदत घटवावी असें स्पष्ट लिहावयाचें, अर्जाच्या नकलेवर पोंच घ्यावयाची, आणि पंधरा दिवसांनीं नवा उतारा मागावयाचा. हप्ता घटविण्याचा मोह मोठा असतो. पण हप्ता घटविला म्हणजे मुदत तशीच राहते, आणि सुटलेले चार पैसे घरखर्चांत कोठें मुरतात तें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं.

मुदतीआधीं फेड केल्यास बँक दंड घेते, अशी समजूत अजून गांवोगांव आहे. ती जुनी झाली. फिरत्या व्याजाच्या गृहकर्जावर असा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेनें जून २०१२ मध्येंच बँकांस मनाई केली. आणि २०२५ सालच्या निदेशांनीं, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतन होणाऱ्या, व्यक्तीनें धंद्याव्यतिरिक्त कारणासाठीं घेतलेल्या फिरत्या व्याजाच्या सर्व कर्जांस ती मनाई सहकारी बँकांसह लागू झाली. कायम व्याजाच्या कर्जाची गोष्ट निराळी. तेथें मंजुरीपत्रांत काय लिहिलें असेल तें खरें. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेंतच येत नाहींत, तेव्हां तेथून घर बांधण्यास कर्ज उचललें असेल तर हें कलम आजच काढून वाचावें.

फिरतें व्याज म्हणजे काय याचा धडा २०२२ सालीं मिळाला. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेनें आपला रेपो दर ४ वरून ६॥ टक्क्यांवर नेला, आणि त्याला जोडलेलीं घरांचीं कर्जें अडीच टक्क्यांनीं महाग झालीं. ज्यानें पावणेसात टक्क्यांनीं २० लक्ष रुपये वीस वर्षांसाठीं घेतले होते त्याचा हप्ता १५,२०७ रुपये. मुद्दल साडेएकोणीस लक्षांवर आलें असतां व्याज सव्वानऊ टक्के झालें, कीं महिन्याचें नुसतें व्याजच १५,०३१ ! हप्त्यापैकीं पावणेदोनशें रुपये तेवढे मुदलाला. त्याच हप्त्यानें हें कर्ज फिटावयाचें तर कागदावर अठ्ठेचाळीस वर्षांचा हिशेब निघतो. पुष्कळ ठिकाणीं हप्ता तोच ठेवून मुदत लांबविली गेली आणि कर्जदारास पत्ताही लागला नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें ठरवून दिलें कीं व्याज बदलल्यानें हप्त्यावर किंवा मुदतीवर काय परिणाम होतो तें कर्जदारास कळविलें पाहिजे, आणि हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी कीं कांहीं रक्कम भरून टाकावी, हें निवडण्याचा हक्क त्याला दिला पाहिजे. २०२५ सालीं दर पुन्हा उतरले. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो सव्वा टक्क्यानें खालीं आला. दर उतरला म्हणजे हप्ता कमी करून मागूं नये, तोच चालू ठेवावा. ज्या हप्त्याची घराला संवय झालेली आहे तो पुढें चालविण्यास नवी काटकसर लागत नाहीं.

आतां आमच्या चटक्याची गोष्ट. २०१८ च्या उन्हाळ्यांत हातीं दीड लक्ष रुपये शिल्लक होते. मुदत घटविण्याचा नाद आम्हांस तोंवर पुरता लागला होता. उताऱ्यावरची बाकी उतरलेली पाहण्यांत एक प्रकारचें सुख असतें, तें ज्यानें भोगलें त्यासच ठाऊक. सर्वच्या सर्व दीड लक्ष आम्हीं गृहकर्जांत भरून टाकले. त्या वर्षीं पाऊस ऑगस्टनंतर फिरकला नाहीं, ऑक्टोबरअखेर सरकारनें राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि आमच्या गोठ्यांतील सहा जनावरांस पोसण्यापुरता चारा घरीं नव्हता. ऊंस वाढ्यासह विकत घ्यावा लागला. त्यासाठीं गांवांतच शेंकडा तीन रुपये महिना या दरानें हातउसने काढले. म्हणजे नऊ टक्क्यांचें कर्ज घाईनें फेडून छत्तीस टक्क्यांचें कर्ज आम्हीं आपल्या हातानें घरांत आणलें. त्या रात्रीं घरांतून एकच वाक्य ऐकूं आलें : "अहो, बँकेला न मागतां दिलेलं बँक आतां अडीअडचणीला माघारी देईल का ?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

म्हणून आमचें मत असें आहे कीं शेतकऱ्यानें जादा भरणा करण्यापूर्वीं एका वर्षाच्या शेतीचा खर्च आणि गृहकर्जाचे सहा हप्ते, एवढी रक्कम बँकेंत सुटी ठेवावी. पगारदारास तीन महिन्यांची शिल्लक पुरते. आपल्यावर पाऊस आणि बाजार असे दोन धनी आहेत. कांहीं बँका गृहकर्जाला चालू खात्यासारखें खातें जोडून देतात. त्यांत ठेवलेल्या पैशापुरतें व्याज थांबतें आणि गरज पडतांच पैसा काढतांही येतो. व्याजाचा दर किंचित् अधिक असला तरी शेतकऱ्यास हा प्रकार सोयीचा आहे. मात्र काढतां येतो म्हणून ट्रॉलीला नवे टायर आणि पोराला नवी मोटारसायकल त्यांतूनच निघूं लागली, तर तें खातें नव्हे, भोंक पडलेली चरवी.

फेडीचा क्रमही ध्यानांत ठेवावा. हातउसनें आणि खाजगी सावकारी सर्वांआधीं, तें चार पैशांचें असलें तरी. मग क्रेडिट कार्ड, सोनेतारण आणि दुकानदाराच्या हप्त्यावर घेतलेल्या वस्तू. मग ट्रॅक्टर, कारण त्याचें व्याज बहुधा घराहून अधिक असतें आणि यंत्र दिवसेंदिवस उतरत असतें. पीककर्ज वेळेवर फेडावें, वेळेआधीं फेडण्याची गरज नाहीं. वेळेवर फेडणारास तीन लक्षांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राच्या सवलतीनें व्याज चार टक्क्यांवर येतें आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेनें तेंही भरून निघतें. असें जवळजवळ फुकटचें कर्ज लवकर फेडून घराचें नऊ टक्क्यांचें तसेंच ठेवणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. एक दिवस उशीर झाला कीं ही सवलत जाते, हें त्याहून अधिक ध्यानांत ठेवावें.

जादा भरण्याचा पैसा आणावयाचा कोठून ? आम्हीं घरांत दोन कप्पे केले. दुधाचें बिल दर दहा दिवसांस येतें, तें हप्त्याला. कांद्याचा व उंसाचा पैसा शेतीच्या खर्चाला आणि उरलेल्याचा अर्धा जादा भरण्याला. दुधाच्या पैशांतून किराणा आणि उंसाच्या पैशांतून हप्ता, असा उलट कारभार असतांना ज्या वर्षीं कारखान्याचें बिल लांबलें त्या वर्षीं हप्ता थकला होता. दूध थोडें पण नेमाचें, हप्ताही तसाच. दोघांची गांठ घालून दिली एवढेंच.

काटकसरीविषयीं बोलणें अवघड आहे, कारण सांगणाऱ्याच्या घरीं काय चालतें तें गांवाला दिसत असतें. पण आमच्या पाहण्यांतली सर्वांत मोठी काटकसर म्हणजे न काढलेलें कर्ज. हजार चौरस फुटांत ज्या कुटुंबाचा संसार सुखानें होतो तें शेजाऱ्याकडे पाहून अठराशें फूट बांधतें. मग पुढें पोर्च, पोर्चाला खांब, खांबाला रंगीत दगड, आणि कंपाउंडाला असें लोखंडी फाटक कीं तें ढकलण्यास दोन माणसें लागावींत. या शेवटच्या चार वस्तूंचे चार लक्ष रुपये वीस वर्षांच्या हप्त्यांनीं साडेआठ लक्षांच्या वर जातात. ते चार लक्ष दोन सुगीनंतर हातांतल्या पैशांतून घातले असते तर फाटक तेंच आलें असतें. आमच्या घराला पहिलीं पांच वर्षें आंतून गिलावा होता आणि बाहेरून नुसती वीट दिसत होती. येणारे-जाणारे हंसत; विटेनें कांहीं मनाला लावून घेतलें नाहीं.

लग्नाच्या बाबतींत मात्र आमचा पराभव झाला. थोरल्या मुलीच्या लग्नांत साखरपुडा, हळद आणि लग्न असे तीन स्वतंत्र समारंभ, प्रत्येकाला मंडप निराळा, असा बेत दोन्हीं घरांनीं धरला आणि आम्ही "लोक काय म्हणतील" या तीन शब्दांपुढें उभे राहूं शकलों नाहीं. त्या एका महिन्यानें चार वर्षांचा जादा भरणा खाल्ला. धाकटीनें स्वतःच नोंदणी पद्धतीनें लग्न करून गांवजेवण दिलें. तिला मोडलेल्या हिशेबाची आठवण होती.

आणि एक गोष्ट स्पष्टपणें लिहिली पाहिजे. पुष्कळ घरांत काटकसर म्हणजे बायकांच्या हातांतला खर्च कमी करणें. तेलाचा डबा पंधरा दिवस अधिक चालवावयाचा, मुलीची शिकवणी बंद, सुनेचें माहेरीं जाणें पुढच्या वर्षावर. आणि कर्त्या पुरुषाची जीप, तालुक्याचा फेरा, हॉटेलांतला चहा-भजी आणि यात्रेंतली वर्गणी यांना कोणी हात लावावयाचा नाहीं. अशी काटकसर वर्षभरांत मोडते आणि मोडणेंच योग्य. आम्हीं वर्षाचा खर्च भिंतीवरच्या कॅलेंडरावर सर्वांना दिसेल असा लिहूं लागलों, तेव्हां सर्वांत मोठा आंकडा आमच्याच पेट्रोलचा निघाला. शेतावरही काटकसरीला मर्यादा आहे. बियाणें, माती परीक्षण, पिकाचा विमा, जनावरांचीं लसीकरणें आणि मुलांच्या शाळेचा खर्च यांतून वांचविलेला रुपया बँकेंत भरणें म्हणजे विहिरींतला झरा बुजवून रांजण भरणें होय.

नव्या शिकलेल्या तरुणांचा एक आक्षेप असतो, तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, नऊ टक्क्यांचें कर्ज फेडण्यापेक्षां तोच पैसा बाराएक टक्के मिळतील अशा ठिकाणीं गुंतवावा. शिवाय रुपयाची किंमत उतरत जाते, आजचा अठरा हजारांचा हप्ता पंधरा वर्षांनीं हलका वाटेल. मुदत ठेवीपुरतें याचें उत्तर सोपें आहे : ठेवीचें व्याज गृहकर्जाच्या व्याजाहून बहुधा कमीच असतें. शेअरबाजारांत अधिक मिळूं शकतें आणि जाऊंही शकतें. फेडलेल्या कर्जावरचें नऊ टक्के मात्र निश्चित. हप्ता हलका होत जाण्याची गोष्ट ज्याचा पगार दरसाल वाढतो त्याला लागू आहे. आमच्या कांद्यानें दहा वर्षांपूर्वीं जो भाव पाहिला त्याच्या निम्म्यानें तो अजूनही कधीं कधीं जातो. प्राप्तिकराची सवलतही जुन्या पद्धतीनें कर भरणाऱ्या पगारदारास उपयोगी. ज्याचें उत्पन्न शेतीचें, त्याला प्राप्तिकरच नाहीं, मग सवलत कशांतून मिळावयाची? पण एका बाबतींत तरुणांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. ठिबक बसवून पाणी वांचत असेल, एका गाईऐवजीं दोन पोसण्याइतका चारा शेतांत होत असेल, तर तो पैसा आधीं शेतांत घालावा. शेतांत टाकलेला पैसा पुढें हप्ताही भरतो.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. मुलाच्या पुण्यांतील फ्लॅटवरचें कर्ज फेडण्यासाठीं गांवची एकरभर जमीन विकण्याचे प्रकार वाढत आहेत. बिगरशेती होऊं पाहणाऱ्या जमिनीला भाव बरा येतो, मुलाचा तगादा असतो, आणि आईच्या जिवाला वाटतें कीं पोराच्या डोक्यावरचें ओझें उतरावें. आमचें मत याविरुद्ध आहे. तें कर्ज मुलाच्या पगारानें फिटावयाचें म्हणून काढलेलें असतें आणि वीस वर्षांत फिटतेंच; विकलेली जमीन मात्र कोणत्याही हप्त्यानें परत येत नाहीं. शिवाय २००५ सालच्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. एकाच्या फ्लॅटसाठीं सर्वांची जमीन गेली, ही गोष्ट पुढें भावा-बहिणींत कोर्टापर्यंत जाते. बापाला मदत करावयाचीच असेल तर सुगीच्या शिलकेंतून करावी, आणि तिची नोंद घरच्या वहींत सर्व मुलांदेखत ठेवावी.

आमचें कर्ज २०२४ च्या मार्चांत, अकराव्या वर्षीं, फिटलें. दुष्काळाचें ते हातउसने आणि लग्नाचा तो महिना नसता तर आणखी दोन वर्षें आधीं फिटलें असतें. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या हुकुमाप्रमाणें, १ डिसेंबर २०२३ पासून, सर्व फेड झाल्यावर तीस दिवसांच्या आंत मूळ कागदपत्रें परत दिलीं पाहिजेत आणि नोंदवह्यांतील बोजाही उठविला पाहिजे. बँकेच्या दोषानें उशीर झाला तर दर दिवसास पांच हजार रुपये भरपाई. आम्हांस कागद एकोणिसाव्या दिवशीं मिळाले. पाकीट तेथेंच उघडून खरेदीखताचें प्रत्येक पान मोजावें, बेबाकीचा दाखला व बोजा कमी करण्याचें पत्र वेगळें मागून घ्यावें, कारण बँकेचा बोजा उठला तरी मिळकत पत्रिकेवरची किंवा सातबाऱ्यावरची नोंद आपण अर्ज दिल्यावांचून बहुधा हलत नाहीं. आमच्या नोंदीला तीन हेलपाटे पडले. तिसऱ्या वेळीं फेरफाराची नक्कल हातांत घेऊन आम्ही घरीं आलों, तेव्हां घरांतून विचारणा झाली कीं बाहेरचा गिलावा या वर्षीं करावयाचा कीं पुढच्या, आणि तो रोखीनें ना ?